आधी आराखडा, मग माणसं

नागपुरात एखाद्या मोठ्या प्रकल्पासाठी सल्लागार नेमायची निविदा निघाली की तिच्यात हव्या असलेल्या माणसांची यादी असते. संघप्रमुख, स्थापत्य अभियंता, पर्यावरणतज्ज्ञ, वित्ततज्ज्ञ आणि तळाशी, बऱ्याचदा सर्वांत कमी महिन्यांसाठी, ‘सामाजिक विकास तज्ज्ञ’. पात्रता : समाजशास्त्र किंवा समाजकार्य यांतली पदव्युत्तर पदवी, पुनर्वसनाच्या कामाचा अनुभव, स्थानिक भाषा येणं आवश्यक. शेवटची अट यादीतल्या बाकी कुणाला नसते. लोकांशी बोलायची वेळ त्यांच्यावर येणार नाही, हे निविदा लिहिणाऱ्यानं धरूनच चाललेलं असतं.

गेल्या वीस वर्षांत नागपूरनं मिहान पाहिलं, चोवीस तास पाण्याची योजना पाहिली, मेट्रो, स्मार्ट सिटी आणि समृद्धी महामार्ग पाहिला. यांतल्या प्रत्येक कामात कुणाची तरी जमीन, घर, दुकान किंवा नळ हलला. त्या हलण्याचा हिशेब ठेवणारा एक व्यवसाय त्यातून उभा राहिला. घरोघरचं सर्वेक्षण, बाधितांच्या याद्या, गटचर्चा, जनसुनावणीची तयारी, पुनर्वसन आराखडा, तक्रार निवारण असं त्याचं काम. समाजशास्त्र शिकलेल्या मुलामुलींना प्राध्यापकी आणि स्पर्धा परीक्षा सोडून तिसरी वाट मिळाली ती इथे. या वाटेवर पद्धती बऱ्याच विकसित झाल्या, पुस्तिका निघाल्या, प्रशिक्षणं झाली. बदललं नाही ते एकच : समाजशास्त्रज्ञाला बोलावलं जातं तेव्हा आराखडा बहुतेक वेळा तयार असतो.

सुरुवात मात्र अशी नव्हती. मुंबई विद्यापीठात १९१९ मध्ये ‘समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्र’ असा जोड विभाग निघाला आणि त्याचे पहिले प्रमुख झाले पॅट्रिक गेडिस. मूळचे जीवशास्त्रज्ञ असलेले हे स्कॉटिश गृहस्थ त्याआधी काही वर्षं भारतभर हिंडून शहरांचे अहवाल लिहीत होते. त्यांतला एक अहवाल नागपूरच्या नगरपालिकेसाठी होता. गेडिसचा आग्रह साधा होता : आधी शहर पायी पाहा, त्यातले लोक कसे राहतात ते नोंदवा, मग कागदावर रेघ ओढा. जुनी वस्ती सरसकट पाडून सरळ रस्ता काढण्याऐवजी लागेल तिथे थोडीच कापाकापी करावी, असं त्यांचं मत होतं. इंदूरमध्ये प्लेगच्या दिवसांत त्यांनी दिवाळीची मिरवणूक काढली. जे रस्ते आणि गल्ल्या सर्वांत स्वच्छ, त्यांच्यावरून ती जाणार, अशी अट घातली, आणि मिरवणुकीत प्लेगच्या उंदराचा भलामोठा पुतळा फिरवला. जनजागृतीच्या नावाखाली आज जी पथनाट्यं आणि प्रभातफेऱ्या होतात, त्यांचा हा पणजोबा. त्याच्यात आणि त्याच्या पणतवंडांत फरक एवढाच की गेडिसच्या हातात योजनाही होती. मिरवणुकीत जे कळलं ते गेडिस नकाशात घालू शकत होते.

दुसरं नाव नागपूरच्या अधिक जवळचं. श्यामाचरण दुबे नागपूर विद्यापीठात शिकले आणि हिस्लॉप महाविद्यालयात त्यांनी अध्यापनाला सुरुवात केली. नागपूर तेव्हा मध्य प्रांत आणि वऱ्हाडची राजधानी होती. छत्तीसगडच्या डोंगरातल्या कमार आदिवासींवर त्यांनी केलेला अभ्यास १९५१ मध्ये पुस्तकरूपानं आला. पुढच्याच वर्षी, २ ऑक्टोबर १९५२ रोजी, देशात सामुदायिक विकास कार्यक्रम सुरू झाला. ग्रामसेवक, विकास गट, गट विकास अधिकारी ही आज सरावाची झालेली रचना तेव्हाची. दुबे पश्चिम उत्तर प्रदेशातल्या दोन गावांत जाऊन हा कार्यक्रम खरोखर कसा चालतो ते पाहून आले आणि १९५८ मध्ये त्यांनी ते इंग्रजी पुस्तकात मांडलं.

त्यातले निष्कर्ष सरकारला गोड वाटावेत असे नव्हते. शेती विस्ताराच्या कामाचा सुमारे ७० टक्के लाभ गावातल्या सधन आणि वजनदार शेतकऱ्यांनाच मिळाला, असं त्यांनी नोंदवलं. ग्रामसेवक वरून आलेली उद्दिष्टं पुरी करण्यात गुंतलेला. गावाला काय हवं हे ऐकायला त्याला सवड नाही. लोकांचा सहभाग मोजला जाई तो श्रमदानात किती माती उचलली यावर. मजुरांच्या घरच्यांनी ती उचलली आणि रस्ता गेला तो बड्या शेतकऱ्याच्या शेतापर्यंत, अशा गोष्टींना त्या हिशेबात रकानाच नव्हता. एवढी टीका करूनही दुबे पुढे सामुदायिक विकासाच्या राष्ट्रीय संस्थेतच गेले आणि अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणात व संशोधनात त्यांनी काम केलं. सरकारला बाहेरून तपासायचं आणि आत जाऊन सल्लाही द्यायचा, ही आजच्या सल्लागाराची कसरत त्यांनी साठ वर्षांपूर्वी करून पाहिली होती. नंतर ते १९७२ ते १९७७ या काळात शिमल्याच्या उच्च अध्ययन संस्थेचे संचालक झाले; पण समाजशास्त्राच्या या उपयोजित शाखेचा इतिहास लिहायचा झाला तर त्यातलं त्यांचं प्रकरण १९५८ चंच राहील.

महाराष्ट्रातलं तिसरं प्रकरण इरावती कर्वे यांचं. कोयना धरणामुळे उठलेल्या माणसांचं सर्वेक्षण त्यांनी जाई निंबकर यांच्याबरोबर केलं आणि डेक्कन कॉलेजनं ते १९६९ मध्ये प्रसिद्ध केलं. माणसं कुठे पांगली, जमीन मिळाली का, कशी मिळाली, नव्या गावात त्यांना शेजारधर्म लाभला का, असे प्रश्न त्यात विचारले आहेत. तोवर धरण भरून वीज सुरू होऊन वर्षं लोटली होती. देशातल्या अव्वल समाजशास्त्रज्ञांपैकी एक, मराठी वाचकांना घराघरांत ठाऊक असलेली लेखिका, आणि तिच्याकडे काम काय आलं? झालेल्या गोष्टीची नोंद करण्याचं. कर्वे १९७० मध्ये गेल्या. धरण बांधण्याआधी हे सर्वेक्षण झालं असतं तर गावं वेगळी वसली असती का, हा प्रश्न त्यांच्यामागून आलेल्या प्रत्येक पुनर्वसन अभ्यासाला विचारता येतो.

सत्तर-ऐंशीच्या दशकांत पैशाची दिशा बदलली. जागतिक बँकेनं १९७४ मध्ये मायकल चेर्निया या रुमानियन समाजशास्त्रज्ञाला घेतलं. बँकेत रुजू झालेला हा पहिला समाजशास्त्रज्ञ. सक्तीनं हलवल्या जाणाऱ्या लोकांविषयीचं बँकेचं धोरण १९८० मध्ये आलं आणि कर्ज हवं तर पुनर्वसनाचा आराखडा दाखवा, अशी अट हळूहळू रूढ झाली. समाजशास्त्रज्ञांना काम मिळालं ते मुख्यतः या अटीमुळे. सरदार सरोवराच्या महाराष्ट्रातल्या विस्थापितांच्या पुनर्वसनावर देखरेख ठेवण्याचं काम १९८७ पासून मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेकडे होतं. सातपुड्यातल्या पाड्यांवर जाऊन अभ्यासक अहवाल लिहीत होते आणि तिकडे नर्मदा बचाव आंदोलन बँकेला वॉशिंग्टनमध्ये जाब विचारत होतं. १९९३ मध्ये त्या प्रकल्पाला बँकेचा पैसा थांबला, त्यात मोठा वाटा आंदोलनाचा आणि बँकेनंच नेमलेल्या स्वतंत्र समितीचा. अहवाल आणि मोर्चा यांपैकी एकानं काम होत नाही, हे त्या दशकात सातपुड्यानं दाखवलं.

विदर्भाचं सातपुड्याइतकंच मोठं उदाहरण गोसीखुर्द. भंडारा जिल्ह्यात पवनीजवळ वैनगंगेवरच्या या धरणाची पायाभरणी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते १९८८ मध्ये झाली. मूळ अंदाज ३७२ कोटींचा. पुढे तो अनेक हजार कोटींवर गेला, २००९ मध्ये प्रकल्प राष्ट्रीय म्हणून जाहीर झाला. भंडाऱ्याबरोबर नागपूर जिल्ह्यातल्या कुही, भिवापूर भागातली गावंही त्यात गेली. प्रकल्पग्रस्तांसाठी सुमारे १,२०० कोटींचं विशेष पॅकेज मंजूर झालं ते २०१३ मध्ये, म्हणजे पायाभरणीनंतर २५ वर्षांनी. ते मिळालं ते मोर्चे, धरणं आणि पाण्यात उभं राहून केलेली आंदोलनं यांमुळे. समाजशास्त्राची पदवी नसलेल्या कार्यकर्त्यांनी सातबारे गोळा केले, वाढीव कुटुंबांच्या याद्या केल्या, कुणाचं नाव सुटलं ते शोधलं. सल्लागार कंपनीनं हेच काम केलं असतं तर त्याला बाधित कुटुंबांचं सर्वेक्षण म्हटलं गेलं असतं आणि त्याचं बिल निघालं असतं.

त्याच वर्षी, २०१३ मध्ये, संसदेनं नवा भूसंपादन कायदा केला. १ जानेवारी २०१४ पासून लागू झालेल्या या कायद्यानं सामाजिक आघात मूल्यांकन बंधनकारक केलं. ते सहा महिन्यांत पुरं करायचं, गावात जाहीर सुनावणी घ्यायची, आणि मग तज्ज्ञगटानं ते तपासायचं. या गटात दोन बिगरसरकारी सामाजिक शास्त्रज्ञ असलेच पाहिजेत, असं कलम सातमध्ये लिहिलं आहे. खासगी कंपनीसाठी जमीन घ्यायची तर ८० टक्के बाधित कुटुंबांची संमती, खासगी-सार्वजनिक भागीदारीसाठी ७० टक्के. समाजशास्त्रज्ञाला आराखड्याच्या आधी बसायला कायद्यानं खुर्ची मिळाली ती प्रथमच.

खुर्ची मिळाली, पण खोलीचं दार कुठे आहे ते पाहावं लागतं. राष्ट्रीय महामार्ग आणि कोळसा क्षेत्र यांचे भूसंपादनाचे कायदे चौथ्या अनुसूचीत टाकून या अटींतून वगळले. नागपूर हे वेस्टर्न कोलफिल्ड्स या कोळसा कंपनीचं मुख्यालय. उमरेडपासून चंद्रपूर-वणीपर्यंत तिच्या खाणी. म्हणजे या भागात जमीन घेण्याचं जे एक मोठं कारण, तेच कायद्याच्या या भागाबाहेर. सिंचन प्रकल्पाला पर्यावरण आघात मूल्यांकन लागत असेल तर सामाजिक मूल्यांकनाची गरज नाही, अशीही तरतूद आहे. उरलंसुरलं राज्याच्या २०१८ च्या दुरुस्तीनं झालं : ग्रामीण पायाभूत सुविधा, परवडणारी घरं, औद्योगिक क्षेत्रं, इतर पायाभूत प्रकल्प यांना सूट देण्याचा अधिकार सरकारला मिळाला. ज्या कायद्यानं या व्यवसायाला चारेक वर्षं बरे दिवस दाखवले, त्याच्यातून कामं निघून गेली. सामाजिक मूल्यांकनासाठी तयार झालेली बरीच मंडळी मग कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीकडे वळली.

तिथेही मागणी कायद्यानंच निर्माण केली. २०१३ च्या कंपनी कायद्यानं ठरावीक आकारावरच्या कंपन्यांना सरासरी निव्वळ नफ्याचे दोन टक्के समाजासाठी खर्च करायला लावले. २०२१ पासून मोठं दायित्व असलेल्या कंपन्यांना एक कोटी किंवा त्याहून अधिक खर्चाच्या उपक्रमांचं परिणाम मूल्यांकन त्रयस्थाकडून करून घ्यावं लागतं. नागपुरात वेस्टर्न कोलफिल्ड्स आहे, मँगनीज काढणारी मॉयल आहे, कोराडी-खापरखेड्याची वीजकेंद्रं आहेत, त्यामुळे काम आहे. खाणीशेजारच्या गावात शाळेच्या स्वच्छतागृहाचा परिणाम किती मुलींवर झाला, हे विचारता येतं. खाणीचा परिणाम विचारायचा नसतो. तो करारात नाही.

समृद्धी महामार्गाची गोष्ट वेगळी आहे आणि या व्यवसायात तिची चर्चा अजून पुरेशी झालेली नाही. नागपूरजवळच्या शिवमडक्यापासून निघणारा हा ७०१ किलोमीटरचा रस्ता १० जिल्ह्यांतल्या ३९२ गावांमधून जातो. सुरुवातीला शेतकऱ्यांनी जमीन एकत्र द्यावी आणि बदल्यात विकसित भूखंड घ्यावेत, अशी योजना होती. नाशिक, ठाणे, औरंगाबादकडे तिला कडाडून विरोध झाला. मग २०१७ मध्ये थेट खरेदी सुरू झाली, रेडीरेकनरच्या सुमारे पाचपट दरानं. रस्ते विकास महामंडळानं यासाठी ‘संवादक’ नेमले. गावात जायचं, घरी बसायचं, योजना समजावून द्यायची, शंका लिहून आणायच्या. हे संवादक बहुतेक त्याच भागातले, शेतीभाती ठाऊक असलेले. त्यांच्या कामाचा मोठा भाग रस्त्याविषयी नव्हताच. सातबाऱ्यावर मेलेल्या आजोबांचं नाव, सासरी गेलेल्या बहिणींचे हिस्से, दोन भावांमधली जुनी भांडणं, विहिरीची नोंद नाही, संत्र्याच्या झाडांचं वय किती धरायचं, हे निस्तरण्यात दिवस जात.

एका परीनं हा मोठा लोकसहभागाचा प्रयोग होता आणि वेगाच्या मापानं तो यशस्वीही ठरला. नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला. पण संवादकानं विचारायचा प्रश्न एकच होता, किती दरानं देता? रस्ता कुठून जावा, गावाच्या दोन तुकड्यांमध्ये बैलगाडीला वाट कुठे ठेवावी, हे प्रश्न बहुतांश रेषा आखून झाल्यावर आले. शेतकऱ्याच्या बाजूनं पाहिलं तर चांगला दर मिळणं ही काही लहान गोष्ट नाही, आणि वर्षानुवर्षं कोर्टात वाढीव मोबदल्यासाठी खेटे घालणाऱ्या धरणग्रस्तांना तर तो हेवा वाटावा असाच. मात्र त्याला सहभाग म्हणायचं की सौदा, यावर या क्षेत्रातल्या लोकांनी तरी स्पष्ट बोलायला हवं.

शहरात मेट्रोनं ‘मेट्रो संवाद’ घेतले. शाळा, गृहनिर्माण संस्था, व्यापारी संघटना यांच्यासमोर अधिकारी बसत, सादरीकरण होई, प्रश्नोत्तरं होत. जर्मनीच्या केएफडब्ल्यू आणि फ्रान्सच्या एएफडी या संस्थांचं कर्ज असल्यानं सामाजिक निकषांची कागदपत्रंही नीट ठेवावी लागत होती. अमेरिकेत शेरी अर्नस्टीन यांनी १९६९ मध्ये नागरिकांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. सर्वांत खाली लोकांना नुसतं वापरून घेणं, वर लोकांच्या हाती नियंत्रण. तिच्या हिशेबानं माहिती देणं ही तिसरी पायरी, सल्ला विचारणं चौथी. मेट्रो संवाद या दोहोंच्या मध्ये कुठेतरी. नागपूरकरांना मेट्रोविषयी जितकं कळलं तितकं क्वचितच कुठल्या प्रकल्पाविषयी कळलं असेल, हेही खरं.

पूर्व नागपुरातल्या पारडी, पुनापूर, भरतवाडा, भांडेवाडी या भागातली स्मार्ट सिटी त्या मानानं अवघड होती, कारण तिथे नगररचना योजना राबवायची होती. रस्ता रुंद करायचा तर घरं जाणार. बाधितांसाठी ‘होम स्वीट होम’ नावाची इमारत योजना निघाली. ज्याच्या घरापुढे दोन म्हशी बांधलेल्या असतात त्याला वरच्या मजल्यावर सदनिका देऊन भागत नाही, हे कळायला समाजशास्त्र लागत नाही. पण ते आराखड्यात लिहून घ्यायला मात्र कुणीतरी त्या वेळी खोलीत असावं लागतं.

ती वेळ चुकल्याचं अलीकडचं सर्वांत ठळक उदाहरण दीक्षाभूमी. सुमारे २०० कोटींच्या विकास आराखड्यात तिथे भूमिगत वाहनतळ घेतला होता. १ जुलै २०२४ रोजी हजारो लोक जमले, खोदकामाच्या साहित्याची मोडतोड आणि जाळपोळ झाली आणि त्याच दिवशी सरकारनं कामाला स्थगिती दिली. स्तूपाला धोका आहे, ही लोकांची भीती तांत्रिकदृष्ट्या किती खरी होती यावर अभियंते वाद घालू शकतील. धर्मांतराच्या १४ ऑक्टोबर १९५६ या तारखेपासून ज्यांच्या घराण्याचा जन्म नव्यानं मोजला जातो, त्या लोकांना खड्डा खणण्याआधी विचारायला हवं होतं, यावर वादाला जागा नाही. निविदा, मंजुऱ्या, समित्या यांचे सगळे सोपस्कार कागदावर होते.

सोपस्काराचा सर्वांत शुद्ध नमुना पाहायचा तर पर्यावरणाच्या जनसुनावणीला जावं. १९९७ पासून ही सुनावणी बंधनकारक आहे. २००६ च्या अधिसूचनेनं तिची सविस्तर कृती ठरवून दिली. ३० दिवसांची नोटीस, एक राष्ट्रीय आणि एक प्रादेशिक भाषेतलं वर्तमानपत्र, अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हाधिकाऱ्यांपेक्षा कमी दर्जाचा नसलेला अधिकारी, संपूर्ण चित्रीकरण. सारांश स्थानिक भाषेत द्यायचा. शेकडो पानांचा मूळ अहवाल इंग्रजीत राहिला तरी चालतं. गणपूर्तीची अट नाही, म्हणजे कुणी आलं नाही तरी सुनावणी होऊ शकते. आणि सुनावणी निर्णय घेत नाही, फक्त नोंदवते. कोराडीत ६६० मेगावॉटच्या दोन नव्या संचांसाठी २९ मे २०२३ रोजी, ऐन नवतप्यात, वीजकेंद्राच्याच आवारात सुनावणी झाली. राखेनं आणि धुरानं वैतागलेले लोक, शहरातले पर्यावरणवादी, रोजगार हवा असलेले स्थानिक तरुण आणि पुढारी असे सगळे तिथे होते. दीड-दोन महिन्यांनी कळमेश्वर तालुक्यातल्या गोंडखैरीच्या प्रस्तावित कोळसा खाणीच्या सुनावणीत शेतकऱ्यांचा विरोध एकमुखी म्हणावा इतका तीव्र होता.

या सुनावणीत जो अहवाल मांडला जातो, त्यात सामाजिक-आर्थिक प्रकरण असतं. ते लिहिणारा तज्ज्ञ मान्यताप्राप्त असावा लागतो आणि मान्यता देणाऱ्या यंत्रणेच्या यादीत ‘सामाजिक-आर्थिक’ हे स्वतंत्र तज्ज्ञक्षेत्र आहे. त्याचं मानधन देतो तो प्रकल्पचालक. ज्याच्या प्रकल्पाविषयी लिहायचं त्याच्याकडूनच धनादेश घ्यायचा, हा या व्यवसायाचा मूळ दोष आणि त्यावर आजवर फक्त सूचना झाल्या आहेत. सरकारनं एक सामाईक निधी करावा, प्रकल्पचालकानं त्यात पैसे भरावेत आणि तज्ज्ञ चिठ्ठी टाकून नेमावा, ही सूचना जुनी आहे. ती कुणाच्याच सोयीची नाही, सल्लागारांच्याही नाही.

इथवरचं वाचून हा व्यवसाय म्हणजे सह्या गोळा करणारी यंत्रणा आहे असं वाटेल. नागपूरच्याच झोपडपट्ट्यांमधलं पट्टेवाटप मात्र वेगळं सांगतं. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या २४ लाख. चारशेहून अधिक झोपडपट्ट्या आणि त्यांत शहरातली सुमारे एकतृतीयांश माणसं. वस्तीच्या जमिनीचा मालक कुठे महापालिका, कुठे नागपूर सुधार प्रन्यास, कुठे महसूल खातं, कुठे रेल्वे, तर कुठे कागदावर झुडपी जंगल अशी नोंद. शहर विकास मंचासारख्या संघटनांनी वर्षानुवर्षं मालकी पट्ट्यांची मागणी लावून धरली आणि गेल्या दशकात ते मिळू लागले. तेव्हा कामाला आली ती खालची माणसं : समूह संघटिका, वस्ती समितीच्या बाया, समाजकार्याचे विद्यार्थी, मोजणीचं यंत्र घेऊन आलेली संस्थांची पोरं.

मोजणी म्हणजे नुसतं क्षेत्रफळ नव्हे. एका घराच्या दोन चुली झाल्यात, पट्टे किती करायचे? भाडेकरू वीस वर्षं राहतोय आणि घरमालक कामठीला आहे. पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे करायचा, पण नवरा सोडून गेलाय आणि वीजबिल त्याच्याच नावे येतं. पुरावा म्हणून कराची पावती, मतदार यादी, रेशनकार्ड. तीन कागदांवर एकाच बाईची तीन नावं. गल्ली सहा फुटांची आहे ती तशीच धरायची की प्रत्येकानं फूटभर मागे सरायचं? ही भांडणं वस्तीत बसून, रात्री कामावरून माणसं परतल्यावर सोडवावी लागतात. इथे समाजशास्त्र आराखड्याच्या आधी आलं, कारण आराखडाच मोजणीतून तयार होणार होता. झुडपी जंगलावरच्या वस्त्या मात्र अडकून राहिल्या. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ही जमीन वनच मानायची असं सांगताना १९९६ च्या आधीच्या वापरासाठी वाट ठेवली, तिथून आता पुढची कागदपत्रं सुरू होतील.

नागपूरपासून सुमारे दोनशे किलोमीटरवर गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यात मेंढा-लेखा आहे. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल ही दोन नावं त्या गावाशी जोडलेली. गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला आणि २७ एप्रिल २०११ रोजी बांबूचा वाहतूक परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेकडे आला. ही हकिगत अनेकदा सांगून झाली आहे. सल्लागारांनी पाहावी अशी गोष्ट तिच्यातला अभ्यासगट. ग्रामसभा निर्णय घेते, तोही सर्वसहमतीनं. अभ्यासगट निर्णय घेत नाही. तिथे बाहेरचा माणूस येऊ शकतो, कायदा समजावू शकतो, वाद घालू शकतो. निर्णयाच्या वेळी त्यानं गप्प बसायचं. मोहनभाऊंसारखा मुरलेला कार्यकर्ताही या नियमाला अपवाद नव्हता.

सल्लागाराची भूमिका इतकी नेमकी आखून देणारी व्यवस्था कुठल्या विकास बँकेच्या पुस्तिकेत सहजी सापडणार नाही. तिची किंमतही आहे. सर्वसहमतीला वेळ लागतो. एकेक प्रश्न महिनोन्महिने चालतो. कंत्राटाची मुदत नऊ महिन्यांची असेल तर हे जमत नाही. शिवाय मेंढा हे शे-सव्वाशे घरांचं, एका समाजाचं गाव आहे. पारडीत ते तसंच्या तसं नेता येणार नाही, हेही मान्य करायला हवं. विदर्भ निसर्ग संरक्षण संस्थेसारख्या नागपूरच्या संस्थांनी पुढे इतर गावांना वनहक्काचे दावे करायला मदत केली, ग्रामसभांचे महासंघ उभे राहिले, त्यातही वेग गावागणिक निराळा पडला.

शहरासाठीही अशी एक सभा कायद्यात आहे. महाराष्ट्रानं २००९ मध्ये महापालिका कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद केली. मतदान केंद्रांभोवतीच्या मतदारांनी बसून आपल्या भागाच्या कामांविषयी बोलायचं. ती कागदावरच राहिली. नागपूर महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि नंतर तीन वर्षांहून अधिक काळ नगरसेवकही नव्हते. त्या काळात तक्रार घेऊन येणारा माणूस झोन कार्यालयाच्या खिडकीशी उभा राहायचा किंवा सल्लागार कंपनीच्या सर्वेक्षकाला पकडायचा. सर्वेक्षक प्रश्नावली भरून निघून जायचा.

हा सर्वेक्षक कोण असतो? नागपुरात समाजकार्याचं शिक्षण मातृसेवा संघाच्या संस्थेत १९५८ पासून मिळतं. कमलाताई होस्पेट यांनी १९२१ मध्ये प्रसूतिगृहापासून उभ्या केलेल्या संघाचीच ही शाखा. तिरपुडे महाविद्यालय आहे, विद्यापीठाचा समाजशास्त्र विभाग आहे. क्षेत्रकार्यासाठी वस्तीत जाण्याची सवय या मुलामुलींना पहिल्या वर्षापासून लागते. बाहेर पडल्यावर मिळतं ते प्रकल्पाच्या मुदतीचं कंत्राट, किंवा त्याहून खाली, भरलेल्या फॉर्ममागे पैसे. मोठी कंपनी दिल्ली-गुरुग्रामची, तिच्याकडून उपकंत्राट घेणारी संस्था इथली, आणि उन्हात फिरणारी पोरगी भंडाऱ्याची. माहिती तिच्याकडे असते : कुणाचं घर यादीतून का सुटलं, सरपंच गटचर्चेत का बोलला नाही. अहवाल लिहिणाऱ्यापर्यंत ती पोहोचते तेव्हा तिची टक्केवारी झालेली असते. अहवाल इंग्रजीत जातो आणि ज्या घरांनी उत्तरं दिली त्यांना तो दिसत नाही; पाहायचा तर माहितीच्या अधिकारात अर्ज.

आता नाग नदी. शहराचं सांडपाणी वाहून नेणाऱ्या या नदीच्या प्रदूषण निवारणासाठी सुमारे १,९२७ कोटींची योजना मंजूर आहे. जपानच्या जायका या संस्थेचं कर्ज असल्यानं सामाजिक निकष आले, सामाजिक तज्ज्ञ आले. बाधित कोण, याचं उत्तर वरवर सोपं दिसतं : काठावरच्या वस्त्या. पण २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नदीचं पाणी अंबाझरी लेआउटच्या बंगल्यांत शिरलं. आणि खाली, शहर संपल्यावर, नाग नदी पिवळी नदीला घेऊन कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, आणि ते पाणी गोसीखुर्दच्या जलाशयात साठतं. कुही तालुक्यात धरणामुळे एकदा उठलेली गावं त्याच पाण्याकाठी पुन्हा वसली आहेत. मासे, शेती आणि गुरांचं पाणी यांविषयी त्यांच्या तक्रारी जुन्याच आहेत. ही गावं महापालिकेच्या हद्दीबाहेर आहेत. प्रश्नावली छापायला जाण्याआधी तिथे एक ग्रामसभा घेता येईल; खर्च एका दिवसाच्या गाडीभाड्याचा आहे.